इंजिनाच्या तेलाचा जमाखर्च

मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाच्या मनात वर्षाकाठी एकदा तरी उद्भवणारा प्रश्न असा, की ज्या गाडीने वर्षभरात चार-पाच हजार किलोमीटरांपेक्षा अधिक मजल मारलेली नाही, जिच्या इंजिनातून तेलाचा एक थेंबही गळालेला नाही आणि जिची डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखविणारी पट्टी, बाहेर ओढून पाहिली असता पातळी यथास्थित दिसते, त्या गाडीचे तेल बदलण्याचा आग्रह कारखानदार कोणत्या कारणाने धरतो? पेट्रोल जळते म्हणून ते पुन्हा भरावे लागते, हे कोणासही समजते. परंतु जे खर्चच झालेले नाही ते काढून टाकावे आणि त्याच्या जागी दुसरे विकत घ्यावे, यात सामान्य माणसाला व्यापाऱ्याच्या लाभाखेरीज अन्य प्रयोजन दिसत नाही. याच प्रश्नाला लागून दुसरा येतो: तेल बदलणे खरोखरच अवश्य असेल, तर मुळशी तालुक्यातील भूगाव, पिरंगुट किंवा पौड येथील आपल्या अंगणात ते काम स्वतःच्या हाताने करता येईल काय?

करता येईल, आणि त्यास फारशी हत्यारेही लागत नाहीत. मात्र तेल का बदलावयाचे हे उमगल्यावाचून ते कसे बदलावयाचे याला हात घातला, तर कोणती चूक क्षम्य आणि कोणती महागात पडणारी, याचा विवेक राहत नाही. म्हणून या प्रकरणात प्रथम तेलाचे कार्य, मग त्याचे आयुष्य, त्यानंतर प्रत्यक्ष बदली आणि अखेरीस, ज्याची चौकशी फारसे कोणी करीत नाही ती जुन्या तेलाची विल्हेवाट, असा क्रम ठेवला आहे.

१. तेल इंजिनात काय करते?

इंजिनाच्या नळकांड्यांत इंधन आणि हवा यांच्या मिश्रणाचे ज्वलन होते, त्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो, आणि पिस्टनची ही खालीवर होणारी हालचाल क्रँकशाफ्ट नावाच्या दांड्याच्या योगाने चाकांना लागणाऱ्या वर्तुळाकार गतीत पालटते. ही हालचाल किती वेळा होते, याचा एक हिशेब करून पाहू. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत आहे असे धरले, तर मिनिटाला एक किलोमीटर अंतर कापले जात असल्यामुळे दर किलोमीटरला २,००० फेरे झाले. म्हणजे १०,००० किलोमीटरांच्या प्रवासात क्रँकशाफ्टचे २ कोटी फेरे होतात, आणि तितक्याच वेळा प्रत्येक पिस्टन नळकांड्यात खाली जाऊन वर येतो.

एवढे घर्षण होऊनही धातू टिकतो, कारण धातूला धातू क्वचितच भिडतो. वेगाने फिरणारा क्रँकशाफ्ट तेलाला आपल्याबरोबर बेअरिंगच्या अरुंद फटीत ओढून नेतो, तेथे उत्पन्न होणाऱ्या दाबाने तो स्वतःच उचलला जातो, आणि माणसाच्या केसाहून पातळ अशा तैलपटलावर तो तरंगत राहतो. याखेरीज जेथे इंजिनातले पाणी पोहोचू शकत नाही त्या पिस्टनच्या तळाची उष्णता वाहून नेणे, पिस्टनच्या कड्या आणि नळकांडे यांमधील सूक्ष्म फट बुजविणे, ज्वलनातून उत्पन्न होणारी काजळी गोळा करणे आणि धातूला गंज चढू न देणे, ही चार कामेही त्याच तेलाकडे सोपविलेली असतात.

इतकी कामे निव्वळ खनिज तेलाला झेपत नाहीत. डब्यातील द्रवाचा मोठा हिस्सा मूळ तेलाचा असला, तरी त्यात काही पूरक द्रव्ये हेतुपुरस्सर मिसळलेली असतात: काजळीचे कण तळाशी साचू न देता तरंगत ठेवणारी, ज्वलनातून येणाऱ्या आम्लांचे शमन करणारी, आणि जस्त व स्फुरद यांच्या संयुगाने धातूवर संरक्षक थर निर्माण करणारी. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. डिपस्टिक तेलाचे परिमाण दाखविते, त्याचा गुण दाखवीत नाही; परिमाण अबाधित असतानाही ही पूरक द्रव्ये आपापले काम करता करता संपत जातात. यावरून हेही ध्यानात यावे, की तेल काळे पडले एवढ्यावरूनच ते निकामी झाले असे म्हणता येत नाही. काजळी अंगावर घेणे हे त्याचे कर्तव्यच आहे, आणि डिझेलच्या गाडीत तर नवे तेलही अल्पावधीत काळे होते.

२. तेलाचे वय किलोमीटरांत मोजावे काय?

बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत सुमारे १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी पुरे होईल ती, अशी मुदत दिलेली आढळते. आणि त्याच पुस्तिकेत, सहसा न वाचल्या जाणाऱ्या पानावर, खडतर वापरासाठी याच्या सुमारे निम्मी मुदत सांगितलेली असते. खडतर वापर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ताम्हिणी घाटाची चढण येते, आणि भरल्या गाडीने तो घाट वारंवार चढणे तेलाला तापदायक असते यात संशय नाही. परंतु मुळशी तालुक्यातील अधिक खडतर वापर सपाटीवर, याच तालुक्यात मोडणाऱ्या हिंजवडीच्या रस्त्यांवर होतो.

याचाही हिशेब मांडता येतो. मोकळ्या रस्त्याने ताशी ६० किलोमीटरांच्या सरासरीने १०,००० किलोमीटर जाण्यास सुमारे १६७ तास लागतात. तेच अंतर कोंडीत अडकत, ताशी २० किलोमीटरांच्या सरासरीने कापले तर ५०० तास लागतात. अंतर दर्शविणारा काटा दोन्ही गाड्यांना सारखाच न्याय देतो. तेल मात्र दुसऱ्या गाडीत तिप्पट वेळ तापलेले असते.

याच्या उलट बाजूची हानी त्या गाडीला पोहोचते, जी रोज पिरंगुटच्या बाजारापर्यंत जाऊन परत येते आणि पुरती तापण्याआधीच बंद होते. पेट्रोलमधील हायड्रोजन जळून त्याचे पाणी होते, आणि एक लिटर पेट्रोल जळाले की वाफेच्या रूपाने सुमारे एक लिटर पाणी निर्माण होते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. यातील बहुतेक वाफ धुराड्यातून निघून जाते, तरी थोडी पिस्टनच्या कड्यांमधून खाली उतरते. इंजिन तापलेले असेल तर ती पुन्हा उडून जाते. थंड असेल तर तेलातच पाणी होऊन राहते, आणि तिच्यासमवेत न जळलेल्या पेट्रोलचा अंशही तेलात मिसळतो. आषाढ-श्रावणात अशा गाडीचे तेल भरण्याचे झाकण उघडले, तर त्याच्या आतल्या बाजूस दुधाळ, चिकट लेप दिसतो तो याच पाण्याचा. असा लेप लांबच्या फेरीनंतरही जाईना आणि रेडिएटरचे पाणीही कमी होऊ लागले, तर मात्र आतील गॅस्केट फुटल्याची शक्यता ध्यानी घेऊन गाडी जाणत्या कारागिराच्या हवाली करावी.

तात्पर्य, कमी चाललेल्या गाडीलाही वर्षाची मुदत लागू का होते, हे येथे स्पष्ट होते. तिचे तेल धावून थकलेले नसले, तरी पाणी, आम्ल आणि पेट्रोल यांच्या सहवासात ते बिघडलेले असते.

३. डब्यावरील आकडे

तेल विकत घेताना डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असे आकडे दिसतात. त्यांचा अर्थ कळण्यासाठी काकवीचे उदाहरण घ्यावे: पौषातल्या पहाटे बरणीतून हलेनाशी झालेली काकवी चुलीवर किंचित ऊन केली की पाण्यासारखी धावू लागते, त्याचप्रमाणे तेलही थंडीत दाट आणि उष्णतेत पातळ होते. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने, जिची स्थापना १९०५ साली झाली, १९११ मध्ये तेलांची या दाटपणानुसार प्रथम वर्गवारी केली, आणि आजचे आकडे त्याच वर्गवारीतून विकसित झाले आहेत. डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक असून त्याच्या आधीचा आकडा थंडीतील वर्तन सांगतो, तो जितका लहान तितके तेल गारठ्यात लवकर वाहते. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेलात किती दाटपणा उरतो हे सांगतो.

येथे शंका निघते, की मुळशीत पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही, तर शून्य आकड्याचे तेल येथे कशाला हवे? याचे उत्तर असे, की इंजिनाच्या दृष्टीने मुळशीतली पहाटही थंडच होय, कारण चालू इंजिनातील तेल १०० अंशांच्या आसपास तापलेले असते आणि पहाटेचे तेल त्याच्या मानाने कितीतरी दाट असते. ॲम्बेसेडर आणि पद्मिनी यांच्या काळात २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० सारखी दाट तेले प्रचलित होती. आजच्या इंजिनांतील फटी आणि तेलाच्या वाटा पातळ तेल गृहीत धरून योजलेल्या असतात. म्हणून दाट तेल अधिक बळकट, ही वडीलधाऱ्यांची समजूत त्यांच्या गाडीपुरती योग्य मानून आपल्या गाडीसाठी पुस्तिकेतील आकडाच प्रमाण धरावा. त्याच डब्यावर गुणवत्तेची दोन अक्षरे असतात. एसने आरंभ होणारी पेट्रोल इंजिनासाठी आणि सीने आरंभ होणारी डिझेलसाठी, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

४. फिल्टरही का बदलावयाचा?

आरंभीच्या मोटारींना तेलाचा फिल्टर नसे. १९२३ च्या सुमारास अर्नेस्ट स्वीटलँड या अमेरिकन संशोधकाने मोटारीच्या इंजिनासाठी तो प्रचारात आणला, आणि तेलाची मुदत वाढविण्यात पुढे त्याचा मोठा वाटा ठरला. डब्यासारख्या दिसणाऱ्या या वस्तूच्या पोटात घड्या घातलेला जाड कागद असतो; पंपाने ढकललेले तेल त्यातून पार होताना धातूचे कण आणि काजळीचे गोळे मागे राहतात.

यात एक चतुर योजना केलेली असते. कागद पुरता तुंबला, किंवा तेल फारच दाट असले, तर फिल्टरमधील एक झडप उघडते आणि न गाळलेले तेलच इंजिनाकडे जाऊ देते. कारण अस्वच्छ तेलाने झीज होते, तर तेलावाचून इंजिनाचा नाशच होतो. परिणामी तुंबलेल्या फिल्टरची तक्रार गाडी करीत नाही, ती मुकाट्याने घाण तेलावर चालत राहते. शिवाय जुन्या फिल्टरमध्ये पाव लिटरच्या आसपास जुने तेल शिल्लक राहते, म्हणजे केवळ तेल बदलून फिल्टर तसाच ठेवणारा गृहस्थ नव्या तेलात जुन्याची भेसळ स्वतःच करतो.

५. पूर्वतयारी

साहित्य बेताचेच लागते: पुस्तिकेत सांगितलेले तेल आणि फिल्टर, तळाच्या नटाला बसणारा रिंग पाना, त्या नटाचे नवे वॉशर, फिल्टर फिरविण्याचा पट्ट्याचा पाना, एक पसरट घमेले, नरसाळे, रबरी हातमोजे, फडकी आणि जुने तेल साठविण्यासाठी घट्ट झाकणाचा रिकामा डबा. तेल व फिल्टर सीलबंद आणि पावतीसह घ्यावेत. गाडीची वॉरंटी चालू असेल, तर घरी केलेल्या कामामुळे तिला बाध येतो काय याची आधी खातरजमा करून घ्यावी.

जागा सपाट आणि टणक हवी. मुळशीसारख्या अतिवृष्टीच्या मुलुखात पावसाळ्यातली मातीची अंगणे वरून कोरडी दिसली तरी आतून भुसभुशीत असतात, आणि जॅकचा पाया त्यांत खचतो. म्हणून फरसबंद किंवा काँक्रीटची जागा पाहावी, नाहीतर हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांवर ढकलावे. हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून, मागच्या चाकांना उट्या लावाव्यात. गाडी उचलणे हे जॅकचे काम आहे, उचललेली धरून ठेवणे हे त्याचे काम नव्हे. लोखंडी स्टँड चौकटीखाली योग्य जागी लावून, गाडी त्यांच्यावर नीट बसल्याची खात्री पटल्यावाचून अंगाचा कोणताही भाग गाडीखाली नेऊ नये. या एका नियमात सवलत नाही. जीपसारख्या उंच गाडीखाली हात सहज पोहोचत असेल, तर ती न उचलणेच श्रेयस्कर.

६. प्रत्यक्ष बदली

इंजिन पाचेक मिनिटे चालवून बंद करावे; कोमट तेल चपळाईने वाहते आणि तरंगणारी काजळी सोबत घेऊन येते, मात्र कढत तेलाने हात भाजतो. वरचे झाकण सैल करून ठेवावे, म्हणजे हवेला वाट मिळून तेल अखंड धारेने उतरते. इंजिनाच्या तळाशी असलेल्या, गॅरेजात चेंबर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पात्राला एक नट असतो. त्याच्याकडे तोंड करून तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पान्याने सैल करावा, शेवटचे आटे बोटांनी आत दाबून धरीत फिरवावेत आणि नट एकदम बाजूला घ्यावा. पहिली धार सरळ खाली न पडता तिरपी, लांब जाते, हे जाणून घमेले त्या अंदाजाने ठेवावे. दहा-पंधरा मिनिटांत धारेचे थेंब होतात.

नट परत बसविताना नवे वॉशर घालून तो आधी बोटांनीच फिरवावा. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरके लागत आहेत असे समजून मागे घ्यावा. पुष्कळ गाड्यांचे चेंबर ॲल्युमिनियमचे असते आणि पोलादी नटापुढे त्याचे आटे मऊ ठरतात. नट ढिला राहण्याच्या भीतीने लांब पान्यावर सर्व अंगाचा जोर देणारा माणूस आटे घालवून बसतो, आणि थोडक्या पैशांच्या वॉशरचे काम चेंबरच्या दुरुस्तीपर्यंत जाते. वॉशर दबल्याचे हाताला जाणवले की माफक जोराचा एक हिसका पुरेसा असतो. पुस्तिकेतील माप पाळणारा टॉर्क पाना मिळाल्यास उत्तमच.

आता घमेले फिल्टरखाली सरकवून तो सोडवावा. सुटलेल्या फिल्टरची रबरी कडी त्याच्याबरोबर आली आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी कडी बसली, तर इंजिन सुरू होताच तेल जोराने बाहेर उसळते. नव्या फिल्टरच्या कडीला बोटाने नवे तेल चोळून तो हातानेच फिरवावा आणि कडी टेकल्यानंतर सामान्यतः पाऊण फेरा आवळून थांबावे. नेमके प्रमाण बहुधा फिल्टरवरच छापलेले असते.

तेल भरताना पुस्तिकेतील पूर्ण परिमाण एकदम ओतू नये. समजा, फिल्टरसह ३.१ लिटर तेल सांगितले आहे. तर प्रथम २.८ लिटर भरावे, झाकण लावावे आणि इंजिन सुरू करावे. तेलाच्या दाबाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. विझला तर मिनिटभर इंजिन चालू ठेवून, गाडीखाली न शिरता, नट आणि फिल्टर यांच्याभोवती तेल झिरपते काय हे पाहावे. मग इंजिन बंद करून, गाडी स्टँडवरून सपाट जमिनीवर उतरवून, पाच मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवावी आणि उरलेले तेल थोडे थोडे घालीत पातळी दोन खुणांच्या दरम्यान, वरच्या खुणेच्या जवळ आणावी. वरची खूण ओलांडणे हाही दोषच होय. तेल फार झाले की फिरता क्रँकशाफ्ट ते घुसळतो, त्याचा फेस होतो, आणि फेसातील हवेवर पटल टिकत नाही.

७. निघालेले तेल कोठे जाते?

गॅरेजात तेल बदलले की जुन्या तेलाचे पुढे काय झाले हे मालकाला कळत नाही. घरी बदलले की ते त्याच्यापुढे घमेल्यात असते, आणि त्याची जबाबदारी सर्वस्वी त्याच्यावर येते. खेड्यापाड्यांत हे जळके ऑइल वाशांना वाळवी लागू नये म्हणून फासतात, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात किंवा कुंपणाकडेच्या गवतावर ओततात. बैलगाडीच्या कण्याला एरंडेलाचे वंगण घालण्याच्या काळापासून चालत आलेली, काही वाया घालवू नये ही वृत्ती त्यामागे आहे. परंतु एरंडेल मातीत जिरून कुजते, तर इंजिनातून निघालेल्या तेलात झिजलेले धातू आणि ज्वलनातून आलेली, त्वचेला दीर्घकाळ लागत राहिल्यास कर्करोगास कारण होऊ शकणारी संयुगे असतात. हातमोजे घालावयाचे ते याचसाठी.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दिलेले प्रमाण असे, की एका तेलबदलीत निघणारे तेल १० लाख गॅलन गोड्या पाण्याला दूषित करू शकते. मुळशीत या गोष्टीला विशेष गांभीर्य आहे, कारण या तालुक्याचे पाणी दोन समुद्रांकडे जाते. ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्या टाटांच्या धरणाचे पाणी १९२७ पासून भिरा येथील वीजगृहात उतरून कुंडलिकेच्या वाटेने अरबी समुद्राला मिळते. आणि धरणाखालच्या ओढ्यांचे पाणी मुळेतून पुण्याला, मुठेसह भीमेला, उजनीच्या जलाशयातून पंढरपूरला आणि पुढे कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला जाते. त्यापूर्वीच ते भाताच्या खाचरांत आणि विहिरींत मुरलेले असते.

वास्तविक हे तेल फेकण्याच्या लायकीचे नसते. मूळ तेल झिजत नाही, मळते. ते पुन्हा शुद्ध करता येते. एक गॅलन वापरलेल्या तेलापासून जेवढे, म्हणजे अडीच क्वार्ट, वंगण पुन्हा मिळते, तेवढेच मिळविण्यास ४२ गॅलन, म्हणजे एक पूर्ण पिंप, कच्चे खनिज तेल लागते. भारतात २०१६ च्या घातक कचरा नियमांनी वापरलेल्या तेलाला घातक पदार्थांत गणले असून, २०२३ मध्ये केलेल्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२४ पासून, तेल उत्पादकांवरही त्याच्या पुनर्वापराचे दायित्व टाकले आहे. घरगुती माणसाने करावयाचे ते एवढेच, की जुने तेल पाणी, पेट्रोल किंवा अन्य द्रव न मिसळता डब्यात भरावे, फिल्टर उलटा ठेवून रात्रभर निथळू द्यावा, आणि दोन्ही वस्तू अशा गॅरेजला किंवा सेवाकेंद्राला द्याव्यात, जे आपल्याकडील पिंपे नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्यास देतात. डबा पुढे करण्यापूर्वी तसे स्पष्ट विचारून घ्यावे.

शेवटी एक वही घालावी. तीत तारीख, गाडीने कापलेले अंतर, तेलाचा प्रकार, भरलेले परिमाण आणि फिल्टरचा क्रमांक यांचे रकाने असावेत, म्हणजे पुढच्या मुदतीचा अंदाज स्मरणावर राहत नाही आणि गाडी विकताना ही वही दप्तराचा पुरावा ठरते. सहावा रकाना, निघालेले तेल किती आणि ते कोणाच्या हवाली केले, याचा ठेवावा. पहिले पाच भरून सहावा कोरा राहिला असेल, तर गाडी धावू लागली असली तरी काम अर्धेच झाले आहे असे समजावे.